फायद्याचा हिशेब आणि सुप्याची कर्जखते

आमच्या दुकानात शिलाई मशीन हप्त्याने देण्याची पद्धत वडिलांच्या काळापासून आहे. मोटारीवर चालणारे मोठे मशीन रोखीने घेतले तर ३२ हजार आणि बारा हप्त्यांनी घेतले तर ३६ हजार, म्हणजे महिन्याला ३ हजार. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असण्याला बहुतेक फकीहांनी परवानगी दिलेली आहे. अट एवढीच की सौदा होताना भाव एकच ठरावा आणि नंतर तो वाढू नये. ही अट आम्ही काटेकोर पाळतो, असे आम्ही कैक वर्षे छातीठोकपणे सांगत आलो. रमजानपूर्वी जकातीच्या हिशेबासाठी उधारीची खतावणी स्वतः चाळायला बसलो, तेव्हा एका खात्यापाशी हात थांबला.

खाते एका टेलर मास्टरांचे. पाच हप्ते वेळेवर आले, १५ हजार जमा झाले. मग त्यांच्या घरात आजारपण आले आणि चार महिने काहीच आले नाही. आमच्या मुनीमजींनी जुने खाते बंद केले. बाकी २१ हजार आणि 'उशिराचा आकार' ३ हजार, असे २४ हजारांचे नवे खाते उघडून हप्ता २ हजारांचा केला. हप्ता हलका झाला म्हणून मास्टर खूश होऊन गेले. चार हप्त्यांनंतर ते पुन्हा अडले. पुन्हा नवे खाते : बाकी १६ हजार, आकार २ हजार, एकूण १८ हजार, हप्ता दीड हजार. दोन्ही ठिकाणी मास्टरांची सही आहे. २३ हजार भरून झाल्यावर त्यांच्याकडे १३ हजार येणे दिसायला हवे, तिथे १८ हजार दिसत होते. ३६ हजारांना ठरलेले मशीन ४१ हजारांना पडत होते.

मुनीमजींनी हे लपवून केलेले नव्हते. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही, आणि वर्षअखेरीस जमेची बाजू बरी दिसली म्हणून आम्ही समाधानी राहिलो. चूक आमची.

आमचा मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि आता दुकान तोच पाहतो. त्याला ही चूकच वाटली नाही. तो म्हणाला, "अब्बा, यात कोणाचे नुकसान झाले ते सांगा. मास्टरांना मशीन उचलून नेले जाण्याची भीती होती, ती गेली. हप्ता कमी झाला. आपला पैसा बुडाला नाही. मुनीमजींचा पगार निघाला. सगळ्यांचा फायदा झाला, मग हे वाईट कसे?"

वरवर पाहता या प्रश्नाला उत्तर नाही. हा प्रश्न आमच्या मुलाच्या मनातून उगवलेला नाही. त्याला दोनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. मराठीत तिला उपयुक्ततावाद म्हणतात. व्यापारी माणूस न शिकताच हा वाद जगत असतो, म्हणून तो नीट समजून घेणे आपल्याला अगत्याचे आहे.

लंडनचा जेरेमी बेंथम (१७४८ ते १८३२) याने १७८९ साली नीती आणि कायदे यांच्या तत्त्वांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे सरळ होते. कोणतेही कृत्य स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते. त्या कृत्याने ज्यांच्या ज्यांच्यावर परिणाम होतो त्या सर्वांचे सुख एका पारड्यात टाका, दुःख दुसऱ्या पारड्यात टाका. सुखाचे पारडे खाली गेले तर कृत्य योग्य, दुःखाचे गेले तर अयोग्य. परंपरा काय सांगते, राजाला काय आवडते, याला त्यात जागा नाही. आणि तोलताना राजाचे सुख आणि हमालाचे सुख एकाच मापाने मोजायचे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, जिथे किरकोळ चोरीलाही फाशी होती, तिथे हे बोलणे धाडसाचे होते. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त नसावी, तुरुंग सुधारावेत, मुक्या जनावरांचे हालही हिशेबात धरावेत, हे त्याने याच तराजूतून काढले. या माणसाला नुसता मतलबी ठरवून मोकळे होणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

या वादात नियतीला कृत्य ठरवण्यात जागा नाही, हेही सांगितले पाहिजे. एक दुकानदार अल्लाहच्या भीतीने पूर्ण माप देतो, दुसरा वजनमापे निरीक्षकाच्या भीतीने. उपयुक्ततावादी म्हणेल की दोघांचे कृत्य सारखेच योग्य. गिऱ्हाइकाच्या पिशवीत साखर तेवढीच पडली. माणूस म्हणून कोण भला, हा प्रश्न त्याने वेगळा ठेवला. आपण मुसलमान अमलाचा निवाडा नियतीवर करतो, त्यामुळे इथे आपला आणि त्याचा रस्ता फुटतो. पण निरीक्षक आला नाही तर दुसऱ्या दुकानदाराचे माप किती दिवस पूर्ण राहील, हा प्रश्न परिणामांचाच आहे, आणि तो बेंथमलाही विचारता येतो.

बेंथमने तोलण्याची रीतही सांगितली. सुख किंवा दुःख किती तीव्र आहे, किती काळ टिकेल, होईलच याची खात्री किती, आज आहे की पुढे, त्यातून तसेच आणखी सुख वा दुःख जन्मेल का, त्यात उलट गोष्टीची भेसळ किती आणि ते किती लोकांपर्यंत पोहोचेल. अशी सात मापे. वाचकांनी ही मापे लक्षात ठेवावीत, कारण पुढे त्यांचे काम आहे.

आता व्याजाकडे येऊ. मोठ्या ग्रंथाच्या दोन वर्षे आधी, १७८७ साली, बेंथमने एक छोटे पुस्तक लिहिले होते. आजच्या बेलारूसमधील क्रिचेव्ह येथे भावाकडे मुक्कामाला असताना ते पत्रांच्या रूपात लिहिले गेले. पुस्तकाचा विषय होता जबर व्याजाचे समर्थन. इंग्लंडमध्ये १७१४ पासून शेकडा ५ पेक्षा जास्त व्याज घेणे बेकायदा होते. बाजार मोकळा असावा असे सांगणारा ॲडम स्मिथसुद्धा या मर्यादेच्या बाजूचा होता. मर्यादा नसेल तर पैसा उधळ्यांच्या आणि हवेतल्या योजना आखणाऱ्यांच्या हाती जाईल, असे त्याला वाटे. बेंथमने उलट विचारले की जाणता, शहाणा माणूस खुशीने एखाद्या दराने कर्ज घेत असेल तर कायद्याने आड का यावे? कापडाचा भाव सरकार ठरवत नाही, मग पैशाचा का? मर्यादा घातली तर गरिबाला कर्जच मिळणार नाही. एक तर तो घरातली वस्तू मातीमोल विकेल, नाही तर चोरून देणाऱ्याकडे जाईल आणि तो चोरीच्या जोखमीचेही पैसे लावील. भोळ्या माणसाला महाग घोडा विकत घेण्यापासून कायदा वाचवत नाही, मग महाग कर्जापासूनच का वाचवावे?

हे युक्तिवाद कच्चे नाहीत. बाजारात बसलेल्या माणसाला त्यातला प्रत्येक ओळखीचा वाटेल.

बेंथम १८३२ साली वारला. १८५४ साली इंग्लंडमधील व्याजमर्यादेचे कायदे रद्द झाले आणि पुढच्याच वर्षी, १८५५ च्या २८ व्या कायद्याने, हिंदुस्थानातल्या कंपनी सरकारच्या मुलखातही मर्यादा उठली. करारात जो दर लिहिला असेल तो कोर्टाने मानायचा असे ठरले. या बदलामागे एकटा बेंथम होता असे नाही. पण युक्तिवाद त्याचा होता : दोन जाणत्या माणसांनी खुशीने केलेला करार दोघांच्या फायद्याचाच असणार.

पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत त्याचे काय झाले ते आपल्या घरचे आहे. १८५९ साली मुदतीचा कायदा आला. कर्जखतावर तीन वर्षांच्या आत दावा करावा, म्हणजे व्याज साचत राहणार नाही, हा त्याचा हेतू. हेतू चांगला, परिणाम उलटा. सावकार दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलावून नवे खत करून घेऊ लागला. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिले जाई आणि त्यावर नवे व्याज सुरू होई. व्याज मुद्दलाहून जास्त होऊ नये हा दामदुपटीचा जुना दंडक इथे आपोआप निकामी झाला, कारण कालचे व्याज आज मुद्दल बनले होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस विलायतेला जाईना, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि कर्ज मागेल त्याला मिळू लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, सावकारांनी हात आखडला, आणि त्याच सुमारास सरकारने जमिनीचा सारा वाढवला. दाव्यांवर दावे लागले. पुष्कळ कुणबी कोर्टात हजरच होत नसत. एकतर्फी हुकूमनामे होत.

१२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराचा दिवस होता. आसपासच्या खेड्यांतले लोक जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर जाऊन वह्या आणि कर्जखते मागितली. मिळाली ती जाळली. पुढे तीसहून अधिक गावांत हे लोण पोहोचले. त्यांचा राग मुख्यतः कागदावर होता. जिथे खते बिनबोभाट हाती पडली तिथे बहुतेक ठिकाणी माणसाला हात लागला नाही. कुणब्यांना वाचता येत नव्हते. पण आपले दुःख नेमके कुठे लिहिले आहे हे त्यांना पक्के माहीत होते.

ही खते बेंथमच्याच तराजूत ठेवून पाहू. सही करतानाचे सुख : कोर्टाची पायरी टळली, बैल वाचले. हे सुख तीव्र, खात्रीचे आणि आजचे. दुःख मात्र पुढचे, म्हणून ते त्या क्षणी लहान दिसते. पण टिकण्याचे माप लावा, ते वर्षानुवर्षे टिकते. जन्म देण्याचे माप लावा. ज्या दुःखातून दर तीन वर्षांनी मोठे दुःख जन्मते त्याचे चक्रवाढ व्याजाहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही. व्याप्तीचे माप लावा. सही एकट्या बापाची असते, जमीन मुलांचीही जाते. सातपैकी तीन-चार मापे दुःखाच्या बाजूला ओरडत असताना १८५५ चा कायदा मात्र एकाच गोष्टीकडे पाहत होता, ती म्हणजे कागदावरचा अंगठा.

आमचा आक्षेप इथे आहे. परिणामांवरून निवाडा करा, असे सांगणाऱ्या विचाराने व्याजाच्या बाबतीत परिणाम पाहिलेच नाहीत. खुशीच्या सहीलाच त्याने फायद्याचा पुरावा मानले. जो मार्गच शिल्लक नाही म्हणून सही करतो त्याची खुशी आणि दोन दुकानांत भाव विचारून येणाऱ्या गिऱ्हाइकाची खुशी एकाच वजनाची धरली. तराजू बरोबर होता, तोलणाऱ्याने निम्मा माल पारड्यात टाकलाच नाही.

सरकारलाही हे कळले. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने कोर्टाला सांगितले की शेवटच्या खतावर थांबू नका, व्यवहार पहिल्यापासून उलगडा, मुद्दल वेगळे काढा, व्याज वेगळे काढा. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. चोवीस वर्षांनी कायदा सहीच्या मागे जाऊन पाहू लागला. अर्थात या कायद्यालाही फाटे फुटलेच. गहाण घेतले तर कोर्ट जुना हिशेब उकरील, म्हणून सावकार सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. बेंथम हयात असता तर म्हणाला असता, मी आधीच सांगितले होते. या बाबतीत त्याचे अगदीच चुकले असते असे नाही.

बेंथमनंतर जॉन स्टुअर्ट मिल आला. हा सतराव्या वर्षी, १८२३ साली, लंडनच्या कंपनी कचेरीत कारकून म्हणून लागला आणि १८५८ पर्यंत हिंदुस्थानचा पत्रव्यवहार सांभाळत तिथेच राहिला. पण हिंदुस्थानात कधी आला नाही. उपयुक्ततावादावरचे त्याचे लेख १८६१ साली आले. सगळी सुखे एका प्रतीची नसतात आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून हिशेब मांडत बसायचे नसते, असे त्याने सांगितले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जे नियम ठरले आहेत ते पाळण्यातच बहुधा सर्वांचे हित असते. एका श्रीमंत गिऱ्हाइकाला शंभर ग्रॅम कमी दिले आणि त्या पैशांतून कारागिराला ईदला जास्त दिले, तर त्या एका व्यवहारात सुख वाढलेही असेल. पण सगळा बाजार तसाच तोलू लागला तर उद्या कोणी कोणाच्या वजनावर विश्वास ठेवणार नाही आणि कारागिराची ईदही त्यात जाईल. या बोलण्यापाशी आपल्याला पुष्कळ जवळ जाता येते. मसलहत, म्हणजे लोकांचे हित, हा शब्द आपल्या फिकहमध्ये शतकानुशतके आहे. दारू आणि जुगार यांत लोकांना काही फायदेही आहेत, पण त्यांचे पाप फायद्याहून मोठे आहे, असे कुरआनात स्पष्ट आले आहे. म्हणजे फायदा नाकारलेला नाही, तोलून खाली ठेवलेला आहे. फरक असा की व्याजाच्या बाबतीत तोलण्याचे काम आपल्या हाती ठेवलेले नाही. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत थांबा, हा हुकूमच आहे. हा हुकूम दुकानदाराच्या हाती तराजू का देत नाही, ते आमच्या खतावणीने आम्हांला दाखवले. स्वतःच्या येण्याचा प्रश्न आला की आपण समोरच्याचे सुख मोठ्या उदारपणे मोजतो.

हा वाद जुना झालेला नाही. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या व्याजदरावरील कमाल मर्यादा काढून टाकली. दर अवाजवी नसावेत एवढे सांगून ते ठरवण्याचे काम कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपवले. युक्तिवाद बेंथमच्याच कुळीतला. पण त्याच नियमावलीत असेही आहे की एका कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम कर्जफेडीत जाता कामा नये. म्हणजे या वेळी सहीच्या पलीकडे, घराच्या चुलीपर्यंत पाहण्याची तरतूद तरी आहे. ती गल्लीबोळांत किती पाळली जाते, हे आठवड्याच्या वसुलीला गटात बसणाऱ्या आपल्या मायबहिणींना विचारावे.

आता आमच्या दुकानाचे. आम्ही मास्टरांना बोलावले, ५ हजारांचा आकार खोडला, खाते पुन्हा ३६ हजारांवर आणले आणि बाकी १३ हजार लिहिली. दरमहा हजार द्या, नाही जमले तर आधी सांगा, एवढेच ठरले. मास्टरांनी विचारले, "शेठ, सही कुठे करू?" आम्ही म्हणालो, सही राहू द्या. खतावणीत अशी आणखी अकरा खाती निघाली. त्यांतली नऊ त्याच पद्धतीने नीट केली. दोघे जण मात्र ऐपत असून टाळाटाळ करणारे आहेत. त्यांचा आकारही खोडला, पण तगादा सोडलेला नाही.

मुलगा गप्प बसला नाही. त्याने पाटीवर हिशेब मांडून दाखवला की उशीर झाला तरी काहीच लागत नाही हे गावात कळले की वेळेवर देणारेही उशीर करतील, आपली रक्कम अडकेल आणि पुढच्या माणसाला हप्त्याने मशीन देता येणार नाही. त्याचे म्हणणे आम्हांला खोडता आले नाही. तेव्हा दोघांनी मिळून नवी पद्धत ठरवली : उशिराचा आकार कायमचा बंद, पण सुरुवातीला बयाणा ८ हजार आणि ओळखीचा एक जामीन.

पुढच्याच आठवड्यात एक विधवा बाई आली. कपडे शिवून दोन मुली शिकवते, पायाचे मशीन जुने झाले म्हणून मोटारीचे हवे होते. तिच्याजवळ ३ हजार होते. जामीन म्हणून दीर येईल म्हणाली, बयाण्याचे मात्र जमेना. जुन्या पद्धतीत तिला त्याच दिवशी मशीन मिळाले असते. मुलाने आमच्याकडे पाहिले, तोंडाने काही बोलला नाही. बाई म्हणाली, गटातून ५ हजार उचलते आणि येते. आम्ही तिला थांबवले आणि नको म्हणालो. बयाणा कमी करून देता येतो का ते दोन दिवसांत सांगतो, असे सांगून पाठवले. ३ हजारांवर तिला दिले तर तिच्याआधी बयाणा भरून गेलेल्या चौघांना काय सांगायचे, यावर बापलेकांचे अजून एकमत झालेले नाही. तिच्या नावाची चिठ्ठी मशीनच्या दांड्याला बांधून ठेवली आहे.